फ्रिजची राखण

आजोबांनी जन्मभर बस चालवली. गाडी सोडताना सगळं बंद करूनच उतरायचं, ही सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं एक जुनी कॅरव्हॅन घेतली. आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज, सगळा संसार होता, पण सवय काही सुटली नाही. पाय मोकळे करायला उतरायचं म्हटलं तरी आधी गॅसचा रेग्युलेटर बंद. "ह्यांचं चाललं तर झोपताना माझं तोंडही बंद करून ठेवतील," असं आजी येईल-जाईल त्याला सांगायच्या.

लेक अवेळी बाळंत झाली तेव्हा दोघं तीच गाडी घेऊन धावत आले आणि हॉस्पिटलच्या मागच्या आवारात तळ ठोकून बसले. बाळ मुठीएवढं, काचेच्या पेटीत. वरचं दूध पाजून पाहिलं तर त्याचं पोट टम्म फुगलं. आईचं दूध तेवढं पचत होतं. त्यात लेकीच्या पित्ताशयानं उचल खाल्ली. ऑपरेशनशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि त्या औषधांमुळे नंतरचे दोन दिवस तिचं दूध बाळाला चालणार नव्हतं. म्हणून ती दुखत्या पोटानं दूध काढून बाटल्या भरत होती. वॉर्डातल्या फ्रिजमध्ये त्या-त्या दिवसापुरतीच जागा, त्यामुळे बाकीच्या बाटल्या कॅरव्हॅनमध्ये गोठवायच्या असं ठरलं.

हा फ्रिज जरा तऱ्हेवाईक होता. प्लग मिळाला तर विजेवर चाले, नाहीतर मागच्या बाजूच्या लहानशा गॅसच्या ज्योतीवर. ज्योत पेटवून गारवा कसा होतो, हे आजींच्या गळी काही उतरलं नाही. गाडी कलती राहिली तरी तो रुसायचा, म्हणून आजोबांनी चाकांखाली फळ्या सारून ती सपाट केली. आवारात प्लग होता, पण तो अँब्युलन्ससाठी. वॉचमननं हात जोडले, "काका, माझी नोकरी जाईल." म्हणजे गॅस आलाच.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी दोघं लेकीला भेटायला निघाले. पेटत्या ज्योतीवर गाडी एकटी सोडायची म्हटल्यावर आजोबांचा जीव खालीवर व्हायला लागला. अर्ध्या तासात परत येऊ, तेवढ्यात बर्फ काही वितळत नाही, असा हिशेब करून त्यांनी गुपचूप रेग्युलेटर बंद केला. आजी नवऱ्याला ओळखून होत्या. जिन्यापाशी पोचल्यावर "चष्मा राहिला" म्हणून त्या मागे फिरल्या, रेग्युलेटर उघडला आणि निर्धास्त मनानं वर गेल्या.

वर लेकीनं दोघांचे हात धरले ते सोडलेच नाहीत. ती घाबरली होती. कोण कशाला उठतंय? अर्ध्या तासाचे चार तास झाले.

परत येऊन आजोबांनी फ्रीजर उघडला. वरच्या बाटल्यांमध्ये दूध डुचमळत होतं. रेग्युलेटर उघडायला हात घातला, तर तो उघडाच!

"हा कुणी उघडला?"

"मी. तुम्ही बंद केला म्हणून."

"अगं, नुसता उघडून काय होतंय? बटण दाबून ज्योत पेटवावी लागते!"

"मला काय माहीत? तुम्ही कधी हात लावू दिलाय?"

आजोबांनी वाकून बटण दाबलं आणि ज्योत पेटवली. ज्योत नसली की फ्रिज आपला आपण गॅस अडवून धरतो, म्हणून निदान आगीचं संकट टळलं होतं. आजी वर जाऊन नर्सला विचारून आल्या. खालच्या बाटल्या अजून दगडासारख्या होत्या, त्या परवापर्यंत टिकतील. वितळलेलं दूध मात्र पुन्हा गोठवायचं नाही, गार ठेवून उद्याच्या उद्या संपवायचं. दोन्ही दिवस जेमतेम निभावणार होते, पण आता फ्रिज जराही बंद पडून चालणार नव्हतं.

"ज्योत ठेवून गाडी सोडता येत नाही," आजोबा म्हणाले, "आणि विझवूनही भागत नाही. मी इथेच बसतो."

"अहो, सकाळी तिला आत नेतील."

"तू जा."

सकाळी आजोबा खिडकी उघडी टाकून फ्रिजपुढे स्टुलावर बसले होते. फ्रिजच्या तळाशी असलेल्या भोकाला डोळा लावला की निळी ज्योत दिसे. मधूनच बाहेर जाऊन, फ्रिजच्या मागे हवेसाठी असलेल्या जाळीवर काही अडकलं तर नाही ना, हे ते पाहून येत. फोन वाजला.

"बाबा, वर या ना. मला न्यायला आलेत."

"इथे कुणीतरी पाहिजे गं."

"राहू दे ते दूध! मला तुम्ही पाहिजे."

आजोबांना धावत सुटावंसं वाटलं. ते दारापर्यंत गेलेही.

"तू त्याच्यासाठी भरून ठेवलंयस," ते म्हणाले. "मी राखतो. जा तू."

ती हळूच म्हणाली, "मग नीट राखा."

आजोबांनी फोन कानाशीच ठेवला. स्ट्रेचरची चाकं करकरली, दार लागलं. ते परत स्टुलावर बसले आणि त्यांनी भोकाला डोळा लावला. डोळ्यांतल्या पाण्यानं ज्योत दिसेना, तेव्हा बाहीनं डोळे पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं.