हलणारी सीट

सायकल दुरुस्तीवाल्या बाबुलालने सायकल दोन्ही गुडघ्यांत आवळून धरली, सीटला हातांनी पकडून जोरात पीळ दिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. सीट तसूभरही फिरली नव्हती.

"बहनजी, यह तो जाम है," तो म्हणाला. "बरसों का जंग है. हिलती है, यह किसने कहा?"

मी कडेवरच्या चंपाच्या तोंडावर पदर ओढला. सुपेल्याच्या चौकात ट्रकमागून ट्रक धूळ उडवत जात होते आणि पोरीचा खोकला अजून गेला नव्हता. घरून सांगितलंय, सीटचा पाईप बदलायचाच आहे, एवढंच मी म्हणाले. सायकल ढकलत बरोबर आलेला चिंधू रस्त्याकडे बघत उभा राहिला. त्याने ऐकलं होतं. सीट हलत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

घरून म्हणजे माझ्या नवऱ्याने, केवलरामने. चिंधू त्याच्या गावचा, त्याच्याच टोळीतला. दोघेही पोलाद कारखान्याच्या नव्या भट्टीच्या कामावर खलाशी होते. साखळ्या-दोरांनी अवजड लोखंड उचलून वर जागेवर बसवायचं, हे त्यांचं काम. केवलराम ताडमाड उंच, चिंधू त्याच्या काखेत मावेल एवढा. छप्पन साली दीक्षेला जाताना केवलरामने याच सायकलवर चिंधूला मागे बसवून भंडाऱ्याहून नागपूर गाठलं होतं. भिलाईत आल्यावरही ते तसेच कामावर जायचे. पुढे हा, मागे तो.

पावसाळ्याआधी केवलरामचा मचाणावरून पाय सुटला. हाडं जुळली, पण उजवा गुडघा वाकायचा थांबला तो थांबलाच. स्टोअरमध्ये बसून करायचं काम त्याच्यासाठी ठेवलं होतं आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. आमच्या कामगार-कॅम्पपासून कारखान्याच्या त्या गेटपर्यंत शिफ्टच्या वेळेला बस नव्हती. सायकल चालवता आली तर नोकरी. नाही तर बिऱ्हाड उचलून गावी, जिथे आमचं म्हणावं असं काही उरलं नव्हतं.

म्हणून त्याने क्वार्टरमागच्या गल्लीत सायकल काढली. डाव्या पायाने पायडल मारायचं, उजवा काठीसारखा बाहेर ताणलेला. वळणावर सायकल उजवीकडे कलली. टेकवायला तो पाय खाली येईना, आणि माझा एवढा मोठा नवरा गिट्टीवर आडवा झाला. उठला, धूळ झटकली, सीटला हात लावला आणि म्हणाला, "सीट हालून राहिली."

दुसऱ्यांदा पडला तेव्हाही तेच.

सासूबाईंनी, भीमाबाईंनी, ते लगेच उचलून धरलं. "पाईपच खराब हाय बापा. तू काय करशीन?" शेजारपाजारच्यांनाही त्या तसंच सांगू लागल्या. मीही मान डोलावली. पण मला बघायची खोड आहे. झोपलेल्या पोरीचं पोट हलतंय ना हे मी दहादा बघते, पाणी उकळलं की पुन्हा उकळते. सायकल पुसताना पाईप जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथलं गंजाचं कडं मी पाहिलं होतं. पाईप हलत असता तर ते तडकलं असतं. ते कुठेही तडकलेलं नव्हतं.

मी काही बोलले नाही. कारण पाईपचं निमित्त निघाल्यापासून केवलराम जेवू लागला होता. नवा पाईप कसा घ्यायचा हे तो मला ताटावर बसून सांगायचा. आतून डोळा लावून बघ, जोड दिसला तर ठेवून दे. फ्रेममध्ये अंगासरशी उतरला पाहिजे. पत्र्याची पट्टी घालून बसवायला लागला तर आपला नव्हे. लांब घे, आत चांगला वीतभर राहील असा. माझी सीट खाली नको, होती तेवढीच उंच पाहिजे. हे सांगताना त्याचे हात हवेत लोखंड तोलत असल्यासारखे हलायचे. एकदा चिंधू चाचरत म्हणाला की सोमवारी मीच दादाला मागे बसवून नेतो. केवलराम हसला. "तू बे? मले ओढशीन तू? चढावर तुझाच दम निघून जाईन." मग हसणं थांबलं आणि तो म्हणाला, "बाईमानसासारखा मागं बसून गेटवर नाई जात मी."

बाबुलालने रॉकेल ओतलं, फ्रेम तापवली, हातोड्याने ठोकून ठोकून जुना पाईप बाहेर काढला. मग दोन नवे माझ्यापुढे ठेवले. एक चकचकीत, हलका, आत उभा जोड असलेला. दुसरा जाड, बिनजोड, हाताला जड. मी चंपाला चिंधूकडे दिलं आणि दोन्ही हातांत दोन घेऊन उभी राहिले.

चकचकीत पाईप फ्रेममध्ये खुळखुळला. नट कितीही आवळला तरी तो चार दिवसांत घसरला असता. घरी नेला असता तर केवलराम पुन्हा पडला असता आणि पुन्हा म्हणाला असता, सीट हलते. मग आम्ही आणखी एक आणला असता. मला क्षणभर तोच हवासा वाटला. मग त्याचा धड पाय डोळ्यांपुढे आला, पडून पडून तोही मोडला असता, आणि मी जाड पाईप बाबुलालच्या हातात दिला.

संध्याकाळी केवलरामने तो ठोकून पाहिला, पाना लावून पाहिला, सीटवर दोन्ही हातांचा भार देऊन पाहिला. "नलू, हे पारख कुठं शिकली वो?" तो म्हणाला. तेवढं एकच वाक्य मी आजवर जपून ठेवलं आहे.

तो बसला. मी मागून कॅरियर धरला होता. त्याने सोड म्हटलं, मी सोडला. सायकल गल्लीतून नीट गेली, अगदी नीट, आणि वळणावर उजवीकडे कलली.

सासूबाई धावत आल्या. "हालली का रे पुन्हा?"

तो जमिनीवर बसूनच होता. शेजारी पडलेल्या सायकलच्या सीटला त्याने हात घातला आणि पिळून पाहिलं. पुन्हा पिळून पाहिलं. शेजारच्या दारातल्या बाया बघत होत्या.

"नाई, माय," तो म्हणाला. "सीट पक्की हाय."

त्यानंतर रविवारभर त्याने सायकलला हात लावला नाही. मी चंपाची छाती शेकत बसले.

सोमवारी सकाळी चिंधू जनरल शिफ्टला निघताना दाराशी आला. "जयभीम, वैनी. दादा हाय?" केवलराम आधीच धुतलेले कपडे घालून ओट्यावर बसला होता. त्याने पाना मागितला. मी आणून दिला. नट ढिला करून त्याने सीट खाली दाबली.

"बस बे चिंध्या. पाय पुरतात का?"

चिंधू बसला. टाचा लोंबकळल्या. "अजून जराशी खाली, दादा."

केवलरामने अजून खाली घेतली. इतकी, की आम्ही पारखून आणलेला पाईप फ्रेमच्या आत गेला आणि वर जेमतेम दोन बोटं उरला. नट त्याने स्वतः आवळला, दोनदा तपासला. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन तो कॅरियरवर बसला. एका बाजूला तोंड करून, मी बसायची तसा. ताठ पाय त्याने हातांनी उचलून पुढे ठेवला.

मी पोरीला घेऊन कोपऱ्यापर्यंत मागे गेले. रूळ ओलांडायच्या आधी रस्ता थोडा चढतो. तिथे चिंधूचा दम संपला. तो खाली उतरला आणि एका हाताने हँडल, एका हाताने सीट धरून सायकल ढकलू लागला. शिफ्टची माणसं घंट्या वाजवत दोन्ही बाजूंनी पुढे जात होती. काहींनी वळून पाहिलं.

केवलराम उतरला नाही. उतरून पुन्हा बसणं हे त्या नजरा झेलण्याहून कठीण होतं. डबा मांडीवर धरून, पाठ ताठ ठेवून, तो रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगांकडे बघत बसून राहिला.