देवकाबाईच्या हातचं पाणी

“नर्सबाई, तुमीच तं म्हणल्या होत्या का देवकाबुढीच्या हातचं पाणी पेऊ नका म्हून,” चिंधूची बायको म्हणाली. “आता सारं गाव थेच म्हणून राहिलं.”

विजया तिच्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजत होती. चमचा हातात तसाच राहिला.

त्र्याऐंशी सालचा पोळा होऊन पंधरा दिवस झाले होते. मोहगावपासून कोसावरच्या त्या गावात आठवड्याभरात दोन मुलं हगवणीनं गेली होती. दुसरं कालच गेलं, गुणवंताचं.

“काय करणार आहेत लोक?”

“मले नाई माहीत बाप्पा.” बाईनं पोर तिच्या मांडीवरून ओढून घेतलं. “पारावर बसले हायेत सारे. आज कोणी वावरात गेलं नाई.”

विजया चार वर्षांपासून इथल्या उपकेंद्रात नर्स होती. देवकाबाई चाळीस वर्षांपासून सुईण. बायका आधी देवकाबाईला बोलावत, अडलं तरच विजयाला. पोळ्याच्या दिवशी देवकाबाईनं असंच एक बाळंतपण तिला न कळवता उरकलं आणि विहिरीवर, पाचसहा बायकांसमोर, विजया ते पाण्याचं बोलून गेली. देवकाबाई कोपरापर्यंत साबण लावून हात धुते, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. तरी बोलली, आणि बोलताना तिला बरंही वाटलं.

नर्सिंग शिकताना मिशन हॉस्पिटलच्या मेट्रननं तिला बायबल दिलं होतं. रोज देवापुढे दिवा लावून झाला की ती त्यातलं एक पान वाचायची आणि दिवसभर माणसांशी तसं वागून पाहायची. भांडलेल्या शेजारणीशी आधी आपण बोलायचं. उद्धट बोलणाऱ्याला शांतपणे उत्तर द्यायचं. आज सकाळच्या पानावर जिभेविषयी होतं. एवढासा अवयव, पण ठिणगीसारखा, अख्खं रान पेटवतो. वाचताना तिला उपकेंद्रातला कंपाउंडर हिरामण आठवला. इकडचं तिकडे करायची त्याला सवयच होती. स्वतःची आठवण काही झाली नाही.

आता झाली. आणि आणखी एका गोष्टीची, जी तिनं अजून कुणालाच सांगितली नव्हती. नाल्याचं पाणी विहिरीत शिरलं, तेव्हाच विहिरीत टाकायची पावडर सौंसरहून आणायला हवी होती. आज जाऊ, उद्या जाऊ करत तिनं दहा दिवस घालवले. बुढीनंच करणी केली असं गाव म्हणू लागलं तेव्हा विजया गप्प बसली. त्या गप्प बसण्यात तिची सुटका होती.

ती उठून निघाली.

पारावर तीस-चाळीस माणसं बसली होती. मधे कडुलिंबाच्या ओल्या फोकांचा भारा पडला होता. गुणवंता एकेका फोकाची पानं ओरबाडून काढत होता. एरवी ‘नर्सबाई’ म्हणून हाक मारणारे आज तिच्याकडे नुसते पाहत राहिले.

विजया तशीच पुढे गेली, तर देवकाबाई आपल्या घराच्या दारात तांदूळ निवडत बसली होती.

“तू कायले आली माय? पाह्यतील ना लोक.”

“मी तुमच्याबद्दल खोटं बोलले.”

“मले माहीत हाये. त्याच दिवशी सांगतलं बायाईनं.”

“मग मला विचारलं का नाही?”

“तू शिकलेली, सरकारची बाई. मी काय इचारू तुले?”

गल्लीतून पावलं वाजली. देवकाबाईनं सूप बाजूला ठेवलं, पदर नीट केला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

विजया उंबऱ्यासमोर आडवी उभी राहिली. “थांबा! पाण्याचं मी बोलले होते. ते खोटं होतं. रागानं बोलले.”

“मंग माह्या पोट्ट्याले कोणं खाल्लं?” गुणवंता ओरडला.

“विहिरीच्या पाण्यानं. पावडर मी आणायला हवी होती. मी आणली नाही.”

फोक तिच्या दंडावर बसला. मग खांद्यावर. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्या नत्थूजी पटेलांनी गुणवंताचा हात धरला.

“बस कर. सरकारी बाई हाये थे. उद्या पोलीस येतीन गावात.”

“अन् बुढी?” मागून कोणीतरी विचारलं.

“आज राहू द्या,” नत्थूजी म्हणाले.

माणसं पांगली. फोक कोणी टाकले नाहीत, घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावडर आणायला विजया बसथांब्यावर आली, तर तिथं देवकाबाई गाठोडं घेऊन उभी. सौंसरला बस बदलून पांढुर्ण्याला लेकीकडे निघाली होती.

“जाऊ नका. मी घरोघरी जाऊन सांगते ना सगळ्यांना.”

“सांग. पन पुढच्या पावसात आखीन कोणाचं पोट्टं बिमार पडलं, तं मंग?”



बस आली. चढणाऱ्यांतले बहुतेक देवकाबाईच्याच हातांत जन्मलेले. गाठोड्याला कोणी हात लावला नाही. विजयानं ते उचलून वर चढवलं. दोघांच्या सीटवर देवकाबाई एकटीच बसली. एवढी गर्दी, पण शेजारी कोणी बसेना. लेकुरवाळ्या बायकासुद्धा दांडा धरून उभ्या राहिल्या. विजया त्या सीटजवळ जाऊन थांबली. बसू का, असं विचारायचा तिला धीर होईना.

मोहगावच्या वळणावर बस कलली. देवकाबाईनं तिच्या सुजलेल्या दंडाकडे पाहिलं आणि ती खिडकीकडे सरकली.