कॅप नंबर दहा

संघ विकला गेला की सगळ्यात आधी रंगारी येतात. मालक नंतर येतो, आणि त्याचं भाषण त्याच्याही नंतर. मेहराब बलोचला हे आता पाठ झालं होतं. त्या सकाळी सरावाच्या चेंडूंची पिशवी खांद्यावर टाकून तो शारजाच्या मैदानावर पोचला, तर ड्रेसिंग रूमचं दार सताड उघडं आणि दोन पठाण शिडीवर चढून नारिंगी भिंती जांभळ्या करत होते.

"आता कोण?" त्याने विचारलं.

"आम्हाला काय माहीत, उस्ताद? जांभळा लावा म्हणाले, जांभळा लावतोय. तुमचं नाव काय आता?"

"माझं मेहराबच आहे. संघाचं संध्याकाळपर्यंत कळेल."

कळलं. शारजा थंडर. ज्या गावात वर्षातून एकदा ढग गडगडला तर शाळांना सुट्टी देतात, तिथे हे नाव!

दहा वर्षांपूर्वी संघ निघाला तेव्हा तो होता शारजा शमाल, शमाल म्हणजे इकडचा उत्तरेचा वारा. मोत्यांचा व्यापार करणाऱ्या एका जुन्या घराण्यातल्या नातवाला हौस आली होती. पहिल्याच वर्षी संघ जिंकला. हौस फिटल्यावर नातवाने संघ विकला, करंडक मात्र घरी नेला. दिवाणखान्यात आहे म्हणतात, पाहुण्यांना दाखवायला. मग इमारती बांधणारी कंपनी आली आणि शमालचे झाले शारजा टॉवर्स. खेळाडूही टॉवरसारखेच खेळले, जागचे हलले नाहीत. आता तिसरा मालक मोबाइलवरून घरपोच जेवण पाठवणारा होता.

या सगळ्या उलाढालीत एकच गोष्ट टिकली होती. कॅपचे नंबर.

लीगचा नियम असा की प्रत्येक संघाने दोन स्थानिक खेळाडू खेळवायलाच हवेत. स्थानिक म्हणजे कोण, तर इथेच जन्मला, इथेच वाढला, पासपोर्ट मात्र भलत्याच देशाचा. शमालमध्ये असे दोघे होते. एक मेहराब, तुर्बतच्या बलोच बापाचा, जलदगती गोलंदाज. दुसरा शाजी, मूळचा कोळिकोडचा, यष्टिरक्षक. परदेशी कर्णधार आधी नऊ नावं लिहायचा, मग सुस्कारा टाकून ही दोन. शाजीचे ग्लोव्ह्ज एका इंग्रज पाहुण्याच्या हातात, आणि शाजी सीमारेषेवर उन्हात. मेहराबला चेंडू दिला तर उपकार.

पहिल्या सामन्याआधी शाजीच म्हणाला होता, "देशाकडून खेळणाऱ्यांच्या कॅपवर नंबर असतो, मेहराब. आपल्याला कुठला देश खेळवणार? आपला नंबर आपणच घालू की!" त्याची बायको रसीना रोलाच्या बाजारात शिवणकामाचं दुकान चालवायची. तिने अकरा निळ्याशार कॅपांवर रुपेरी धाग्याने नंबर भरून दिले. फलंदाजीच्या क्रमाने दिले, म्हणून शाजी दहा आणि मेहराब अकरा. मोठमोठ्या पाहुण्या खेळाडूंनाही ते आवडलं. मग रिवाजच पडला. नवा माणूस आला की सामन्याआधी खेळपट्टीजवळ गोल करून उभं राहायचं आणि जुन्याने नव्याला पुढच्या नंबरची कॅप द्यायची. नंबर एकदा दिला की दिला. माणूस निवृत्त झाला, दुसऱ्या संघात पळाला, वारला, तरी तो त्याचाच.

शाजी चौथ्या वर्षी वारला. गोदामातल्या नोकरीवरून परतताना ट्रकने उडवलं. विमानतळाच्या मालवाहू दारापाशी शवपेटी आत जाईपर्यंत मेहराब रसीनाजवळ उभा होता. "भाभी," तो म्हणाला होता, "कुणाचाही बाप आला तरी दहा नंबर शाजीचाच राहील. मी आहे तोवर." माणूस अशा वेळी बोलून जातो. पण मेहराबने ते पाळलंही होतं. खेळणं सुटलं, सरावाला चेंडू टाकणारा म्हणून तो संघात राहिला, आणि कॅप देण्याचं काम त्याच्याकडेच आलं. चौऱ्याण्णवपर्यंत नंबर त्यानेच नीट पोचवले.

नव्या मालकाचा जाहिरातप्रमुख फादी बैरुतचा होता. तो भेटताच गळ्यात पडला.

"हबीबी मेहराब! तू तर आमचा इतिहास आहेस! हा कॅपचा प्रकार जबरदस्त आहे. फिल्म करतोय आपण त्याच्यावर. फक्त नंबर एकपासून सुरू करायचे."

"चौऱ्याण्णव झालेत, साहेब. आता पंच्याण्णव."

"ते टॉवर्सचे. आणि कुठल्या त्या शमालचे. आम्ही संघ विकत घेतलाय, हबीबी, त्याची भुतं नाही. आणि आपला नवा स्टार खेळाडू येतोय ना, ब्लॅकेट, त्याला दहा द्यायचाय. तो जगात कुठेही दहाच घालतो."

"दहा दिलेला आहे."

"कुणाला?"

"शाजीला."

"मग त्यालाही बोलव की फिल्ममध्ये!"

"तो वारला."

फादीने लगेच छातीवर हात ठेवला, डोळे मिटले, अल्लाची करुणा भाकली. रीत म्हणून थोडा थांबलाही. मग डोळे उघडून म्हणाला, "म्हणजे मग अडचण नाही."

आणि त्याने मेहराबच्या खांद्यावर हात टाकला. आवाजात धमकी नव्हती, उलट काळजीच होती. "तुझा व्हिसा आता आमच्याकडे आलाय ना? नूतनीकरण करायचंय. माझ्या टेबलावर आहे बघ."

मेहराबचं सगळं आयुष्य शारजात गेलं होतं. तुर्बत त्याने दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा कुणाच्या तरी मयतीला. व्हिसा गेला तर बायको आणि शाळेत जाणारी मुलगी घेऊन त्याला त्या परक्या गावी 'घरी' जावं लागणार होतं. त्याने मान डोलावली. मग जरा चाचरत विचारलं, "मी माझी जुनी कॅप घालून उभा राहू? अकरा नंबरची?"

"राहा की! जुना माणूस, जुनी कॅप. मस्त दिसेल."

आणि या नालायकाला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो पंधरा जांभळ्या कॅप्स घेऊन रसीनाच्या दुकानात गेला. शारजात दुसरा शिंपी नव्हता काय? रोलात तर पावलागणिक एक. पण ते काम तिच्याच हातून व्हावं असं त्याला वाटत होतं. तिने केलं म्हणजे तिने माफ केलं, असा त्याचा सोयीस्कर हिशेब.

रसीना काळ्या अबायाच्या बाहीला जर लावत होती. मशीनच्या वर खिळ्याला शाजीची निळी कॅप टांगलेली होती, उन्हाने विटलेली.

"या इक्का. पंच्याण्णवपासून ना?" तिने पिशवी ओढत विचारलं. मोठ्या भावाला मल्याळीत म्हणतात तसं ती त्याला इक्का म्हणायची.

"एकपासून."

मशीन थांबलं. "दहापण?"

तो रिळांकडे बघत राहिला. "दहापण. ब्लॅकेटसाठी. फार मोठा खेळाडू आहे, भाभी."

"असणारच. शाजीला तर तुम्ही लोकांनी ग्लोव्ह्जही घालू दिले नाहीत."

"मी कुठे—"

"तुम्ही नाही हो. तुम्ही कुठे काय करता कधी?"

"व्हिसा त्यांच्या हातात आहे, भाभी. पोरीची शाळा आहे."

"माझाही आहे व्हिसा. मीही जाते रांगेत, नवऱ्याचा रकाना रिकामा ठेवून. मला नका शिकवू." तिने कॅप्स मोजल्याही नाहीत, नुसत्या बाजूला सरकवल्या. "होतील."

इथे उठून गेला असता तर निदान थोडी लाज राखली असती. पण त्याने खिशातून आपली जुनी कॅप काढली. "आणि ही माझी. अकराचा धागा सुटलाय जरा. फिल्ममध्ये घालायचीय. जमलं तर पक्का करून द्या."

रसीनाने कॅप हातात घेतली, उलटसुलट केली, मग बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"मैदानावर आणून देते," ती म्हणाली.

फिल्मच्या दिवशी ऊन उतरायला लागल्यावर रसीना खोकं घेऊन आली. पंधराही नंबर भरले होते, एक टाका इकडचा तिकडे नाही. मेहराब तिच्याजवळ गेला. "माझी?"

"आधी तुमचं काम होऊ द्या," ती म्हणाली आणि सीमारेषेबाहेर जाऊन उभी राहिली. फादीने घाईघाईने एक बिननंबरची जांभळी कॅप मेहराबच्या डोक्यावर दाबली आणि त्याला गोलात ढकललं.

बोलायचं काय ते फादीने लिहूनच दिलं होतं. मेहराबने दहा नंबरची कॅप दोन्ही हातांत धरली. समोर ब्लॅकेट, बार्बाडोसचा धिप्पाड गडी, लग्नातल्या नवरदेवासारखा लाजत उभा.

"ही कॅप नंबर दहा," मेहराब म्हणाला. "हा नंबर आजवर... आजवर कुणी घातलेला नाही. तो तुमचीच वाट बघत होता."

"कट!" फादी ओरडला. "हबीबी, मध्ये अडखळलास. पुन्हा. मनापासून बोल. तुझाच इतिहास आहे!"

ब्लॅकेटने कॅप परत दिली. मेहराबने रसीनाकडे पाहिलं नाही. मान सरळ ठेवली, छाती भरून श्वास घेतला.

"ही कॅप नंबर दहा. हा नंबर आजवर कुणी घातलेला नाही. तो तुमचीच वाट बघत होता."

यावेळी आवाज असा खणखणीत लागला की गोलातल्या एकदोघांचे डोळे पाणावले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ब्लॅकेटने त्याला मिठी मारली आणि कॅमेरा बाजूला वळल्यावर हळूच विचारलं, "दादा, खरंच कुणी घातला नव्हता? माझ्यासाठी कुणाचा काढून घेतला असेल तर मला नको. मी दुसरा घेईन."

एवढं सोपं होतं. एक शब्द पुरला असता, आणि ब्लॅकेटने हट्ट धरला असता तर फादीची काय बिशाद होती! पण आत्ताच इतकं सुरेख बोलून झालं होतं.

"नाही हो," मेहराब म्हणाला. "कुणीच नाही."

रिकामं खोकं घ्यायला आलेली रसीना दोन हातांवर होती. तिने ऐकलं. ऐकलं नसेल असं तो पुढे स्वतःला पुष्कळदा सांगणार होता.

ती जवळ आली आणि कागदात गुंडाळलेली कॅप तिने त्याच्या हातात ठेवली. कॅप धुतली होती, इस्त्री केली होती. निळं कापड नव्यासारखं दिसत होतं. फक्त समोरचा अकरा तिथे नव्हता. टाकान् टाका हलक्या हाताने उसवला होता, कापडाला ओरखडाही नव्हता. उरली होती नुसती सुईची भोकं.

"नवा नंबर मिळाला की घेऊन या, इक्का," रसीना म्हणाली. "भरून देईन." आणि रिकामं खोकं काखेत मारून ती दाराकडे चालू लागली.

"मेहराब!" फादी तिकडून ओरडत होता. "हबीबी, अजून एकदा! आता या बाजूने, उन्हात!"

मेहराबने निळी कॅप पँटच्या खिशात कोंबली, जांभळी सरळ केली आणि गेला.