दहा मिनिटांत अठरा सेकंद मागे

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये, खिडकीजवळच्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात माझा मुक्काम असतो. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने ‘४’ असा आकडा लिहिला आहे. त्याखाली एक बारीक ओळही आहे. ती ओळ तिथे कशी आली, एवढेच मला सांगायचे आहे. ऐकता ऐकता माझी किल्ली मात्र उगाच पिळू नका, त्या सवयीची मला फार चीड आहे.

माझा जन्म अंबाल्याचा. १९८९ साली आम्ही बारा भावंडे लाकडाच्या भुशात बसून नाशिकला आलो. लॅबचे शिपाई बुधामामा यांनी आम्हाला एकेक करून फडक्याने पुसले, किल्ली दिली आणि कानाला लावले. “झ्याक चालतंय,” ते म्हणाले. तेव्हा मी खरेच झ्याक चालत होते. सेकंदाच्या दहाव्या भागाचाही हिशेब चुकू द्यायचे नाही, आणि त्याचा मला थोडा माजही होता.

तो माज दोन वर्षांत उतरला. वाल्मीक सर नव्यानेच नोकरीला लागले होते. एका संध्याकाळी एकटेच लॅबमध्ये प्रयोग लावून बघत होते. त्यांच्या हातून मी निसटले आणि थेट फरशीवर आपटले. सरांनी दचकून मला उचलले, कानाला लावले. टिकटिक ऐकू आली. इकडेतिकडे बघत ते स्वतःशीच “चालतंय की” म्हणाले आणि त्यांनी मला खणात ठेवून दिले. चालत होते, पण आता रखडत चालत होते. हे आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हते, आणि सरांनी ते नीट ठाऊक करून घेतलेच नाही.

तुम्ही म्हणाल, मग मुलांच्या लक्षात कसे आले नाही? आमच्या लॅबची एक रीत होती. माझ्याकडून दोलकाचा प्रयोग करून घेत. दोरीला बांधलेला गोळा झुलवायचा, वीस झोक्यांना लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वाचा आकडा, म्हणजे ‘जी’, सेंटिमीटरमध्ये काढायचा. पण गोळ्याला हात लावण्याआधीच मुले विचारत, “सर, उत्तर किती यायला पाहिजे?” सर सांगत, “नऊशे ऐंशी.” मग मुले नऊशे ऐंशीपासून उलटे गणित करत आणि वीस झोक्यांचा वेळ ४०.१ सेकंद लिहून टाकत. मी दाखवायचे ३८.९. माझ्याकडे बघतो कोण! वर्षानुवर्षे माझी चूक अशी झाकली गेली. सुरुवातीला मला बरे वाटायचे. पुढे पुढे आपण असलो काय आणि नसलो काय, असे वाटू लागले.

वाल्मीक सर वाईट नव्हते हो. रविवारीही लॅब उघडून शिकवायचे. अ तुकडीची मुले ते स्वतः निवडून घेत आणि फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर ‘१९’ हा आकडा लिहून ठेवत. प्रात्यक्षिकात वीसपैकी एकोणीसच्या खाली कुणी यायचे नाही, असा त्याचा अर्थ. तो आकडा पुसायची छाती बुधामामांनाही नव्हती.

१९९६ साली बारावीच्या त्या तुकडीत मीना गावित आली. पेठ तालुक्यातली, वसतिगृहात राहणारी. तिचे वडील पुंजा पावसाळ्यात उतारावर भात लावत आणि हिवाळ्यात द्राक्षबागांच्या कामाला इकडे येत. मीनाला इंजिनिअर व्हायचे होते. तेव्हा इंजिनिअरिंगचे दार बारावीच्या गुणांवरच उघडायचे, त्यामुळे एकेक गुण लाखमोलाचा. एवढे असून ही पोर उत्तर विचारायचीच नाही. गोळा झुलवायची, माझ्याकडे टक लावून बघायची आणि मी जे दाखवेन ते लिहायची. इतक्या वर्षांत माझ्यावर असा विश्वास कुणी टाकला नव्हता. नेमका तोच तिच्या अंगाशी आला.

डिसेंबरच्या सराव परीक्षेत सरांनी तिचा पेपर वर्गासमोर उचलून धरला.

“जी बरोबर एक हजार चव्वेचाळीस! काय गं मीना, पेठकडं पृथ्वी जास्त ओढते वाटतं?”

वर्ग खो खो हसला. मीनाचे कान लाल झाले.

“सर, मी तीनदा मोजलंय.”

“मग तीनदा चुकलीस. वीसपैकी अकरा. जर्नलमध्ये नऊशे ऐंशी आल्याशिवाय माझी सही मिळायची नाही, आणि सहीशिवाय बोर्डाची परीक्षा नाही. बघ बाई.”

दोन दिवस ती जर्नल उघडून नुसती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिने दोलकाचे ते पान फाडून काढले आणि नव्या पानावर ४०.१ लिहिले. सही मिळाली. मला इतकी लाज वाटली की किल्ली तुटून बंद पडावे असे झाले.

पण पोरीच्या मनातून ते जाईना. मधल्या सुट्टीत ती बुधामामांकडे आली.

“मामा, चार नंबरचं घड्याळ द्या ना. आणि तुमच्या मनगटावरचंही.”

“काय करती गं?”

“बघायचंय, मी चुकते का हे चुकतं.”

तिने मला भिंतीवरच्या घड्याळाबरोबर सुरू केले. मामांचे घड्याळही शेजारी ठेवले. त्या दोघांची दहा मिनिटे बरोबर एकदम भरली. माझी नऊ मिनिटे बेचाळीस सेकंदच झाली होती. तिने पुन्हा एकदा मोजले. पुन्हा तेच.

“अठरा सेकंद मागे,” ती पुटपुटली, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. “मामा, मी चुकले नव्हते.”

“सरांना सांग की.”

ती सांगायला गेली. सर म्हणाले, “परीक्षा तोंडावर आलीय. आता घड्याळबिड्याळ नको. झाल्यावर बोलू.”

फेब्रुवारीत बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरून प्रतिभा मॅडम परीक्षक म्हणून आल्या. मुलांनी चिठ्ठ्या उचलल्या. मीनाला नेमका दोलक आला, आणि त्या टेबलावर होते मी! माझी बरीच भावंडे एव्हाना बंद पडली होती, चालती होती ती दुसऱ्या टेबलांवर गेली होती. जाता जाता सर तिच्याजवळ वाकले.

“नऊशे ऐंशी. डोक्यात राहू दे.”

मीनाने वीस झोके मोजले आणि मला बंद केले. ४०.१ लिहायला दोन सेकंद पुरले असते आणि कुणाला काही कळलेही नसते. लिही बाई, एकदाचे लिही, असे मीच मनातल्या मनात म्हणत होते. तिने लिहिले, ३८.९. खाली ‘जी’ लिहिला १०४४. त्याखाली लिहिले, “हे घड्याळ दहा मिनिटांत अठरा सेकंद मागे पडते. वेळ दुरुस्त करून जी ९८२.”

मॅडमनी पेपर वाचला. मग तिचे जर्नल उघडले. तोच प्रयोग, तेच चार नंबरचे घड्याळ, आणि उत्तर ९८०.

“यातलं खरं कुठलं?”

मीनाने मला टेबलावर ठेवले.

“पेपरातलं, मॅडम. जर्नलमधलं मी खोटं लिहिलंय.”

“का?”

“सही हवी होती, मॅडम.” सरांचे नाव तिने घेतले नाही. मॅडम म्हणाल्या, “खोट्या नोंदीचे गुण मला कापावे लागतील, कळतंय ना?” तिने मान हलवली.

तेव्हा मागून सर पुढे आले. त्यांनी मला टेबलावरून उचलले आणि इतक्या वर्षांनी पुन्हा एकदा कानाला लावले.

“मॅडम, हे माझ्या हातून पडलंय. सहा वर्षं झाली. मी तपासलं नाही आणि सगळ्यांकडून नऊशे ऐंशी लिहून घेतलं. ते पानही मीच लिहायला लावलं.”

मॅडमनी ते ऐकून घेतले. नियम तो नियम, जर्नलचे गुण त्यांनी कापलेच. मीनाला वीसपैकी सोळा मिळाले. अ तुकडीत सगळ्यांत कमी. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजची यादी तीन गुणांनी हुकली, हे बुधामामांनी मला पुसताना सांगितले. ती बी.एस्सी.ला गेली. पुढे ओझरच्या बाजूला एका कारखान्यात लागली. तिथे ती मोजमापाची उपकरणे तपासते. तपासल्याशिवाय एकही हत्यार कामावर जात नाही म्हणे. हे ऐकून मला आनंद झाला, पण ते तीन गुण मला अजून टोचतात. त्यातला माझा वाटा मी विसरू शकत नाही.

पुढच्या जूनमध्ये सरांनी फळ्यावरचा ‘१९’ स्वतः पुसला. मग बारीक ब्रश घेऊन माझ्या पाठीवर ती ओळ लिहिली, “दहा मिनिटांत १८ सेकंद मागे.” बुधामामा म्हणाले, “दुरुस्तीला टाकू का, सर?” सर म्हणाले, “नको. हे असंच राहू द्या.” तेव्हापासून दरवर्षी पहिल्या तासाला सर मलाच बाहेर काढतात.

मित्रांनो, आम्हा उपकरणांना जपा, आपटू नका, हे तर खरेच. पण आपटलेच, तर निदान सांगा. आमची चूक माहीत असेल तर आमच्याकडूनही खरे उत्तर निघते. चूक झाकलीत, तर तिची किंमत भलत्याच कुणाला मोजावी लागते.

परवाही नवी तुकडी आली. एका मुलाने मला हातात घेतले आणि सवयीने विचारले, “सर, उत्तर किती यायला पाहिजे?”

सरांचे केस आता पांढरे झाले आहेत. ते त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, “ते मला नको विचारू. तुझं किती आलं, ते सांग.”