आगाऊ प्रायश्चित्त

गिरिधरपंतांना घाण सोसत नसे. तशी ती कोणालाच सोसत नाही, पण बाकीचे लोक नाक दाबून पुढे जातात. गिरिधरपंत थांबून नीट बघत, घरी येऊन कोपरापर्यंत हात धूत आणि जेवताना पुन्हा तीच आठवण होऊन अर्ध्या पोळीवर उठत. अशा माणसाच्या घरी देवाने अनंताला पाठवला.

अनंता हा त्यांच्या बायकोचा, सुहासिनीचा, मामेभाऊ. मौद्याहून नोकरी पाहायला म्हणून आठ दिवसांसाठी आला, त्याला दुसरी दिवाळी उलटून गेली. नोकरी त्याने पाहिली नाही असे नाही. गिरिधरपंत रोज जिल्हा कचेरीत कागदांच्या नकला करायला निघत, ते तो ओसरीवर पडल्या पडल्या पाहत असे. दोन खोल्यांचे घर, त्यातली एक अनंताने व्यापली होती आणि दुसरीत त्याचा वास होता. सकाळी तो चुळा भरायला बसला की मोरीतून असे काही आवाज येत की शेजारची म्हैस उत्तर देई. मग गिरिधरपंतांच्या पंच्याने तो काखा पुसे, आणि पंचा सुरेख घडी घालून जागच्या जागी ठेवी. गिरिधरपंतांना काखांपेक्षा त्या घडीचा संताप जास्त यायचा.

घर पुन्हा आपले व्हावे, एवढे एकच मागणे त्यांचे देवाशी होते. देवाने ते कचेरीतल्या मोठ्या बाबूंमार्फत ऐकले. बाबूंचा भाऊ आफ्रिकेत मोंबासाला रेल्वेत होता, आणि तिथे गुदामावर एक कारकून हवा होता.

"हे मोंबासा लांब आहे का हो?" गिरिधरपंतांनी विचारले.

बाबूंनी नकाशा उघडला. मधला तो सगळा निळा भाग पाहून गिरिधरपंतांचे डोळे भरून आले.

मग ते वधूपित्यासारखे राबले. पासपोर्टाचा अर्ज त्यांनी केला, जामिनाच्या सह्यांसाठी प्रतिष्ठितांचे उंबरे त्यांनी झिजवले, देवी टोचायला अनंताचा दंडसुद्धा त्यांनीच धरला, कारण सुई पाहून अनंता डॉक्टरच्या टेबलाखाली जाऊन बसला होता. बाबूंनी बजावले होते की हे जहाज चुकले तर जागा दुसऱ्याची. सगळे जमत आले, आणि दारात मौद्याची दमणी येऊन उभी राहिली. बैल सुटायच्या आत अनंताचे वडील, दादाजी, उतरले. मागून त्यांची मुलगी पुष्पलता आणि गाद्या.

"जावईबापू," दादाजी पाटावर बसत म्हणाले, "पोराले समुद्रापार धाडून राहिले तुम्ही. धाडा. पण पुष्पीचं लग्न वर्ध्याच्या घरात ठरलं आहे. ते लोक पाणी गाळून पेतात, अन् गाळायचं फडकं गाळलेल्या पाण्यानं धुतात. नवरीचा भाऊ तिकडे बाटून बसला, तं मी त्याइले कोणतं तोंड दाखवू?"

"परत आल्यावर प्रायश्चित्त घेईल की."

"तो येईन तवा येईन. लग्न वैशाखात आहे."

शहराच्या महाल भागात भैयाजी शास्त्र्यांना बोलावणे गेले. शास्त्रीबुवांनी पोथी चाळली, सुपारी कातरली, आणि बराच वेळ छताकडे पाहून निर्णय दिला.

"प्रायश्चित्त पापानंतर घ्यावं, असं आहे. पण आधी घेऊ नये, असं कुठंच लिहिलेलं नाही."

दादाजींनी शास्त्रीबुवांना साष्टांग घातला. अशी सोय आपल्या धर्मात आहे, हे त्यांना एवढ्या वयात पहिल्यांदाच कळत होते.

मुहूर्त पाहून अनंताचे प्रायश्चित्त झाले. भादरलेल्या डोक्याने तो पाटावर बसला. समुद्रयानाचा संकल्प सोडून झाल्यावर पंचगव्याचा द्रोण त्याच्या हाती दिला, तो त्याने एका दमात संपवला, ओठ चाटले आणि म्हणाला, "अजून आहे का?" जमलेल्या बायकांना त्याची श्रद्धा पाहून गहिवरून आले. गिरिधरपंतांनी कशालाही हात लावला नव्हता, तरी ते उठून हात धुऊन आले.

दोनच दिवसांनी, कचेरीच्या कामाने सदर भागात गेले असता, एका हॉटेलच्या बाकावर त्यांना तेच भादरलेले डोके दिसले. समोर बशी होती.

"अनंता! हे काय आहे?"

"आमलेट, भाऊजी. बसा ना."

"अरे, तुझं परवा प्रायश्चित्त झालं!"

"म्हणून तं!" अनंताने बोट चाटले. "एवढं समुद्राएवढं पाप आगाऊ फेडून ठेवलं, त्यातलं अंड्याएवढं वापरलं तं काय कमी होते?"

गिरिधरपंतांनी घरी येऊन हे सांगितले. पुष्पलतेने तोंडाला पदर लावला. दादाजी मात्र खुलले. "आहे खरा डोक्याचा पोरगा! गुदाम चांगलं सांभाळीन."

पण गुदाम सांभाळायचे अनंताच्या मनातून उतरत चालले होते. आमलेटावरून तो कटलेटावर गेला, कटलेटावरून मोहाच्या दारूवर. ओसरीवर ढेकर देऊन तो प्रत्येक ढेकराचा तपशील सांगू लागला. आणि मुंबईच्या गाडीला एक दिवस राहिला असताना, गिरिधरपंतांच्या गादीवर मांडी घालून त्याने जाहीर केले, "मी काही जात नाही."

"का?" गिरिधरपंत ओरडले.

"प्रायश्चित्त इथंच कामी येऊन राहिलं, तं तिकडे काहून जाऊ?"

"नसन जात तं राहू द्या जावईबापू," दादाजी म्हणाले. "लग्नापर्यंत आम्ही बी आहोच इथं. घर कसं भरल्यासारखं वाटते."

गिरिधरपंत चपला घालून सरळ महालात गेले आणि भैयाजी शास्त्र्यांना घेऊन आले. सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडून विचारले, "शास्त्रीबुवा, प्रायश्चित्त घेतलं आणि ते पाप केलंच नाही, तर?"

शास्त्रीबुवांनी सुपारी या गालातून त्या गालात घेतली. हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

"संकल्पात समुद्रयान उच्चारलं आहे," ते सावकाश म्हणाले. "ते केलं नाही, म्हणजे देवापुढे खोटं बोलणं झालं. दोष घरातल्या पहिल्या मंगलकार्याला लागेल."

दादाजींनी पुष्पलतेकडे पाहिले. मग ते उठले आणि अनंताच्या कमरेत लाथ घातली.

"ऊठ, भडव्या! बहिणीच्या जिवावर उठला का? जा, पाप करून ये!"

स्टेशनावर अनंता रडत होता. "भाऊजी, मले पोहता येत नाही गा," तो खिडकीतून म्हणाला. "कोणालेच सांगितलं नाही मी. भेव वाटते." गिरिधरपंतांच्या काळजात काहीतरी हलले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अनंताने त्यांच्या उपरण्याचे टोक ओढले, त्यात मनापासून नाक शिंकरले आणि टोक घडी करून परत दिले. काळीज होते तिथे परत बसले. गाडी सुटली.

घरी आले तर पाने मांडली होती. त्यांचे पान एकटे बाहेर, ओसरीवर.

"रागावू नोका, जावईबापू," आतून दादाजी म्हणाले. "पाप करणाऱ्याचं प्रायश्चित्त झालं, करवणाऱ्याचं कुठं झालं? उद्या शास्त्रीबुवा येतीन, द्रोणभर घेऊन टाका."

"आणि नाही घेतलं तर?"

"तं या घरचं पाणी आम्हाले चालणार नाही. आम्हालेच काय, कोण्याच सोयऱ्याले."

गिरिधरपंत घास तसाच धरून बसले. "कोण्याच सोयऱ्याला? मुक्कामाला?"

"शिव शिव! मुक्काम कुठचा?"

"नाही घेत."

"काय म्हटलं?"

"नाही घेत म्हटलं! आज नाही, उद्या नाही, काशीहून आणून दिलं तरी नाही!"

तासाभरात बैल जुंपले गेले. गाद्या चढल्या, पुष्पलता चढली, दादाजी चढले. तेवढ्यात सुहासिनी आतून धावत आली. तिच्या हातात शालू होता. पुष्पलतेला लग्नात द्यायला तिने तो वर्षभर पेटीच्या तळाशी जपला होता.

"मामाजी, पुष्पीच्या लग्नाले मी येऊ ना?"

दादाजींनी तिच्याकडे पाहिले नाही, शालूकडे पाहिले. "रेशमी आहे का?"

"हो."

"मंग दे. रेशमाले विटाळ नसते." त्यांनी चिमटीने शालू उचलला, मांडीखाली घातला आणि हाकणाऱ्याला म्हणाले, "चाल." पुष्पलता मागे वळून पाहत होती, तिला त्यांनी कोपराने पुढे वळवले.

गिरिधरपंतांनी थांबून नीट पाहिले. अनंताच्या सगळ्या चुळा, काखा आणि ढेकर मिळून एवढी घाण कधी झाली नव्हती. सुहासिनी रिकामे हात तसेच पुढे धरून उभी होती. घर मागे मोकळे पडले होते, वारा आरपार वाहत होता, आणि त्यांना आत जाववेना.

"सुहास," ते शेवटी म्हणाले, "शास्त्रीबुवांना बोलावतो. घेतो मी ते. एक द्रोण तर आहे. मग तुला लग्नाला जाता येईल."

सुहासिनीने नाक पुसले, दमणी वळली तिकडे एकवार पाहिले.

"नोको," ती म्हणाली. "घेतलं तं ते सारे परत येतीन." आणि ओसरीवरचे पान उचलून ती आत घेऊन गेली.