आजींनी माझ्यात डोळा लावला तेव्हा

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझ्या नळीचा रंग उडालाय आणि स्क्रू सैल झाल्यामुळे ती हळूहळू खाली घसरते. शाळेत पडद्यावर चित्र दाखवणारं नवं यंत्र आलं, तेव्हा माझ्या गळ्यात चिठ्ठी पडली : भंगार. शुक्रवारी गाडी येणार होती. खोटं कशाला सांगू मित्रांनो, मला रडूच येत होतं.

गुरुवारी ऐन तासाला त्या नव्या यंत्राचा पडदा काळा पडला. हुश्श! विज्ञानाच्या बाईंनी मलाच कपाटातून काढलं. बाई सहा महिन्यांच्या गरोदर होत्या. इतक्यात त्यांची आई, म्हणजे होणाऱ्या बाळाच्या आजी, डबा घेऊन दारात हजर.

"आधी जेव!"

"आई, मुलांना एवढं दाखवते, मग जेवते."

बाईंनी माझ्याखाली काचपट्टी सरकवली. तिच्यावर जन्माआधीच्या बाळाच्या अंडाशयाचा पातळ काप होता.

"या गोल पेशी म्हणजे बाळांची सुरुवात. त्या इथल्या नाहीत बरं का! गर्भ तांदळाच्या दाण्याएवढा असतो, तेव्हा त्या गर्भाला जोडलेल्या छोट्या पिशवीच्या भिंतीत असतात. तिथून सरकत सरकत आत अंडाशयात येतात. मुलगी असेल तर पाचव्या महिन्यापर्यंत त्या साठ-सत्तर लाख होतात. मग बऱ्याचशा नाहीशा होतात, आणि उरलेल्या विभागणी अर्धवट सोडून वर्षानुवर्षं थांबून राहतात."

"जन्माआधीच?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"जन्माआधीच."

"बघू गं मला," आजी म्हणाल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. माझी नळी घसरू लागली. संपलं, मी म्हटलं. पण आजींनी जन्मभर शिलाई मशीन चालवलेलं! त्यांनी पिशवीतून मशीनचा छोटा पेचकस काढला आणि स्क्रू दोन वेळा पिळला. चित्र लख्ख!

आजी बराच वेळ पाहत राहिल्या.

"म्हणजे तू माझ्या पोटात होतीस, तेव्हाच या बाळाची पेशी तुझ्यात होती?"

"होती."

"मग याला मी तुझ्याही आधीपासून सांभाळतेय! बस खाली. जेव."

वर्ग खो खो हसला. बाई बसल्या आणि जेवता जेवता त्यांनी माझी चिठ्ठी फाडली.

तर मित्रांनो, कुणालाही भंगारात काढण्याआधी एकदा स्क्रू पिळून बघा. आणि माझं भिंग शर्टाच्या बाहीनं पुसू नका. मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते.