थकलेल्यांनी खाली बसा

"शिनथोंग, मी फेंगबाई. दार उघड गं."

शिनथोंगचे वडील याओ मागे उभे होते. ते ओशाळून तेलकट हात फडक्याला पुसत राहिले. खाली रस्त्यावर त्यांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"आठ महिने झाले, बाई. जेवणाचा वाडगा घेते आणि पुन्हा आत. शेनझेन शहरातली नोकरी सोडून आली तेव्हा म्हटलं, चार दिवस पडेल, उठेल. शेजारी विचारतात, सुट्टी अजून संपली नाही का? काय सांगू त्यांना?"

फेंगबाई गेली सव्वीस वर्षं तालुक्याच्या शाळेत भाषा शिकवत होत्या आणि दरवर्षी त्यांच्याकडे शेवटच्या वर्षाचा वर्ग असायचा. विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा शंभर दिवसांवर आली होती. दोन दिवसांनी शाळेच्या मैदानावर मुलांना अभ्यासाची शपथ द्यायचा कार्यक्रम होता. त्यात शिनथोंगने बोलावं, अशी उपमुख्याध्यापक ल्वो सरांची इच्छा होती. नऊ वर्षांपूर्वी ती तालुक्यात पहिली आली होती आणि तिचा फोटो अजून शाळेच्या फाटकापाशी होता.

कडी वाजली. शिनथोंगने दार उघडलं, बाईंना खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर पाय दुमडून बसली. तिच्या केसांत सत्ताविसाव्या वर्षीच पांढरं दिसत होतं.

"मी काय बोलू, बाई? मला तर आता खारवलेला मासा म्हणतात. उलटा करा, पालथा करा, हलतच नाही."

"असं बोलू नये. कष्टाचं फळ काय मिळतं, तेवढं सांग मुलांना."

"तेच सांगेन. पण ल्वो सरांना चालणार नाही." ती हसली आणि लगेच गंभीर झाली. "तुम्ही म्हणायचात, तीन वर्षं सोसा, मग जन्मभर आराम. मी तीन सोसली. मग विद्यापीठातली चार. नोकरी मिळेना म्हणून पुढची पदवी, ती आणखी तीन. मग कंपनी. तिथे आमचा साहेब म्हणायचा, थोडी कळ काढा, पुढे सगळं चांगलंच आहे. अगदी तुमच्यासारखाच बोलायचा. तुमच्यावर राग नाही, बाई. फक्त विचारते, तो आराम नक्की कितव्या वर्षी सुरू होतो?"

'तीन वर्षं सोसा' हे वाक्य बाईंनी सव्वीस वर्गांना सांगितलं होतं, आणि खोटं म्हणून नव्हे. त्या स्वतः डोंगरातल्या खेड्यातून याच परीक्षेच्या जोरावर वर आल्या होत्या. त्यांच्या बाबतीत ते खरं झालं होतं. त्यांना एकदम आठवलं, शेवटच्या वर्षी ही मुलगी तापाने फणफणलेली असताना सराव परीक्षेत बाकावरच कोसळली होती. बाईंनी तिला साखरपाणी पाजून पुन्हा लिहायला बसवलं होतं. पुढे नऊ वर्षं तो प्रसंग त्या जिद्दीचा नमुना म्हणून सांगत आल्या होत्या.

"नको येऊस तू," त्या उठत म्हणाल्या. "पड निवांत."

शिनथोंग येत नाही म्हटल्यावर ल्वो सर चिडले. "मग शपथ तुम्हीच द्या. सगळ्यांत जुन्या तुम्हीच आहात."

फेब्रुवारीतली बोचरी सकाळ होती. डोक्याला लाल पट्ट्या बांधलेली बाराशे मुलं रांगेत उभी होती आणि मागे पालक. फेंगबाईंच्या हातात शपथेचा कागद होता. पहिलीच ओळ होती, 'मी थकणार नाही.' त्यांनी समोर पाहिलं. त्यांच्याच वर्गातली पहिल्या रांगेतली मुलगी उभ्या उभ्या डोळे मिटून डुलत होती.

"जी थकली आहेत," फेंगबाई ध्वनिक्षेपकावर म्हणाल्या, "त्यांनी खाली बसा."

कुणाला कळेना. मग ती डुलणारी मुलगी खाली बसली. तिच्या शेजारची बसली. मग मागून कपड्यांची सळसळ येत राहिली आणि रांगाच्या रांगा गार सिमेंटवर बसत गेल्या. कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही. ल्वो सरांनी येऊन ध्वनिक्षेपक काढून घेतला, तोवर अर्धंअधिक मैदान खाली बसलं होतं. दोन मिनिटांत सगळ्यांना उठवलं गेलं आणि शपथ झाली. ती नेहमीपेक्षा मोठ्याने झाली.

संध्याकाळी पालकच शाळेत आले. त्यातल्या एक बाई मासळीबाजारातून तशाच आल्या होत्या, त्यांचे रबरी बूट ओले होते. "तुमचं झालं हो सगळं, बाई! तुमची नोकरी पक्की आहे. माझ्या पोरीने आत्ता बसायचं, मग उद्या उभं कुठे राहायचं?"

फेंगबाईंनी मान खाली घातली. त्या बाईही खोटं बोलत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून वर्ग काढून घेतला आणि त्यांना ग्रंथालयात बसवलं. वर्गाची यादी सोपवताना ल्वो सर हळू आवाजात म्हणाले, "माझा मुलगाही घरीच आहे, दीड वर्ष झालं. पण असं चारचौघांत बोलतात का, बाई?"

एप्रिल उजाडला. शेवटच्या वर्षाच्या वर्गाला रविवारची सुट्टी नसते, त्यामुळे रविवारी दुपारी आपल्या घरात ऊन कुठवर येतं हे फेंगबाईंना ठाऊकच नव्हतं. आता ग्रंथालयाला रविवारी सुट्टी होती; त्या शेंगा सोलता सोलता जरा आडव्या झाल्या आणि त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. शिनथोंग बुटक्या स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. टोपली जवळजवळ रिकामी झाली होती. तिच्या बुटांना रस्त्याची धूळ होती.

"केव्हा आलीस?"

"दार उघडंच होतं. तास झाला असेल."

"मग उठवायचं नाही का गं?"

"झोपला होतात ना, बाई."

फेंगबाई उठून बसायला लागल्या. मग त्यांनी पाय पुन्हा वर घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं. मागे भांड्यात दाणे पडत राहिले.